मुंबईहून बोटीने एलिफंटा, अलिबाग, जंजिरा: चार दिवसांचा बेत तपासून द्या

वऱ्हाडी_मंजू

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरची सहा माणसं: मी, नवरा, दोन पोरं (११ आणि ७ वर्षं) आणि सासू-सासरे. बाबा बहात्तरचे. गुडघे कुरकुरतात, पण किल्ला म्हटलं की चप्पल घालून दारात उभे. आईंचा पाण्याचा अनुभव अंबाझरी तलावाच्या पुढे गेलेला नाही.

जानेवारीत शुक्रवारी सकाळी दादरला उतरतोय, सोमवारी रात्रीची परतीची गाडी आहे. मुक्काम दादरलाच, नणंदेकडे. मी काढलेला बेत असा:

शुक्रवार – आराम, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.
शनिवार – मुरूड-जंजिरा, रात्री परत.
रविवार – अलिबाग, कुलाबा किल्ला, एखादा छान समुद्रकिनारा.
सोमवार – एलिफंटा, तिथून येऊन गाडी.

जमेल ना? बोटीची तिकिटं आधी काढावी लागतात का? आईंना बोट लागेल अशी भीती वाटते. बाबा आणि पोरांना कुलाबा किल्ल्यात चालत जायचंच आहे. पाणी ओसरलं की रस्ता उघडतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलंय.

गिरगावचा_बोका

सोमवारी एलिफंटा बंद असते. लेणी बंद, म्हणून बेतही बंद. बाकीचे सांगतीलच.

मीरा_नेरूळ

बोक्याला +१. शनिवारच्या जंजिऱ्याचाही पुन्हा विचार करा. मांडव्याला बोटीने तासाभरात पोचाल, पण तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर आणि अलिबागहून मुरूड आणखी पन्नासच्या आसपास. रस्ता वळणांचा, रेवदंडा-कोर्लईकडून जाणारा. सुंदर आहे, वेगाचा नाही. मग राजपुरीच्या धक्क्यावर रांग, शिडाची होडी, किल्ल्यात पाऊण तासाची मुदत, आणि हेच सगळं उलट. सात वर्षांचं पोर आणि बहात्तरचे बाबा रात्री दादरला कोणत्या अवस्थेत पोचतील?

जंजिऱ्याला होडीतून उतरणं हाही एक प्रकारच असतो. दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या बेचक्यात असा लपलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथे होडी लाटेवर वरखाली होत असते आणि होडीवाले हात धरून पायरीवर ओढून घेतात. गुडघेवाल्यांना अवघड. बाबांना कलालबांगडी तोफ दाखवायचीच असेल तर मुरूडला दोन रात्री राहा. शांतपणे करा, जमलं तर पद्मदुर्गही पाहा.

रोरोप्रेमी

वृद्ध माणसं असतील तर गेटवे विसरा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, मार्च २०२० पासून. मोठं जहाज असल्यामुळे हलतं कमी. आत नीट खुर्च्या, स्वच्छतागृह. गाडी असेल तर सरळ पोटात घालायची. गाडी नसली तरी माणसाचं वेगळं तिकीट मिळतं. हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ आहे. ऑनलाइन आरक्षण होतं, आणि शनिवार-रविवारी ते कराच.

गेटवेहून कॅटामरान किंवा लाँचने गेलात तर तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. रो-रोने गेलात तर पुढची सोय आपली आपण. सहा माणसांना तशीही गाडी लागेलच.

सावंत_अंधेरी

आता अटल सेतू झालाय की. १२ जानेवारी २०२४ पासून. गाडी काढा, सेतूवरून जा, बोटीची भानगडच नको.

रोरोप्रेमी

सावंत, धाग्याचं नाव पुन्हा एकदा वाचा.

थळकर

नमस्कार. मी थळचा. धाग्यावर सगळे घड्याळ लावून बोलतायत, पण कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर घड्याळ उपयोगाचं नाही, तिथी बघा. मंजूताई, तुमच्या शनिवारी कोणती तिथी आहे? भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहून सांगा.

वऱ्हाडी_मंजू

थळकर दादा, शनिवारी शुद्ध पंचमी. शुक्रवारी चतुर्थी, रविवारी षष्ठी, सोमवारी सप्तमी. पण याचा काय संबंध?

थळकर

सगळा संबंध तिथेच आहे. आमच्याकडे भरतीचा हिशोब जुना आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती पूर्ण. पंचमी म्हणजे पाच पाऊण पावणेचार. पहाटे पावणेचारला एक भरती आणि दुपारी साधारण चारला दुसरी. दोन्हींच्या मधोमध ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. वद्य पक्षातही हिशोब तोच, पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी तक्ता बघायचाच.

आता तुमचे दिवस लावून बघा. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊ-सव्वानऊला. पंचमीला ओहोटी दहाच्या सुमाराला. षष्ठीला साडेदहा-पावणेअकरा. सप्तमीला साडेअकराच्या आसपास.

म्हणाल, मग सोमवारी जाऊ, सावकाश उठून अकराला. तिथेच लोक फसतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाचं पाणी आळशी, धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. सप्तमीला ओहोटी असूनही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं. मोठ्यांना ते घोट्या-गुडघ्याएवढं असलं तरी सात वर्षांच्या पोराला जास्तच. आणि आमच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते, भर दुपारी ओहोटी आली की ते पाणी भांगाचं. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. म्हणून चतुर्थी-पंचमी बरी, सकाळी सोयीच्या वेळेला पाणी बऱ्यापैकी लांब जातं.

ओहोटीच्या दीड तास आधी आत शिरा आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत बाहेर पडा. पाणी वळलं की किनाऱ्यावरचे घोडागाडीवाले हाका मारायला लागतात. त्यांचं ऐका, ‘अजून एक फोटो’ करत बसू नका. दरवर्षी कुणी ना कुणी आत अडकतं, मग होडी पाठवावी लागते.

सावंत_अंधेरी

मोबाइलवर भरती-ओहोटीचे ऍप आहेत. पंचांग काय घेऊन बसलात?

थळकर

ऍप बघाच, मीही बघतो. पण ऍपमध्ये तारीख घालावी लागते, तीच ठरायची असते. दिवाळीनंतर कुठल्या शनिवारी माणसं न्यायची हे मी कॅलेंडरसमोर उभा राहून सांगतो. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. हिशोबात याहून जास्त काही नाही.

खगोलखुळा

थळकरांचं गणित बरोबर आहे. शुक्ल-वद्य मिळून तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तास फिरून जागेवर येते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. आजोबांच्या पिढीला तीन मिनिटांचं काही पडलेलं नव्हतं. मात्र हे सूत्र मुंबई-अलिबागच्या आसपासचं. हीच पाऊणकी घेऊन खंबातच्या आखातात जाऊ नका.

मीरा_नेरूळ

हे वाचून माझाही जुना प्रश्न सुटला. उरणला मावशीकडे जाताना भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच कधीकधी तासन्‌तास बंद असायची. गाळामुळे ओहोटीला ती धक्क्याला लागूच शकत नाही. अलिबागकडे जाणाऱ्या रेवसच्या लाँचचीही तीच रड. मंजू, हा ‘स्वस्त आणि मस्त’ पर्याय कोणी सुचवला तरी या वेळी घेऊ नका.

वऱ्हाडी_मंजू

बाबांना थळकर दादांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी वहीत लिहून घेतला आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथी विचारताहेत.

मग जंजिरा रद्द. शनिवारी अलिबाग पक्कं. सकाळी दहाला किल्ल्यात असायचं तर दादरहून कितीला निघायचं? आणि एलिफंटा बसतच नाही का आता?

गिरगावचा_बोका

एलिफंटा शुक्रवारी करा. गाडी सकाळी येतेय ना? आंघोळ-नाश्ता करून अकराच्या आत गेटवेला. तासाभराचा प्रवास आहे, थकलेल्यांना बोटीत डुलकी लागते. शनिवार-रविवारपेक्षा गर्दीही बरीच कमी.

काही गोष्टी आधीच ठाऊक असू द्या. गेटवेला बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. कधीकधी एक बोट ओलांडून दुसरीत जावं लागतं. आईंचा हात नवऱ्याने धरायचा, पर्स तुम्ही. वरच्या डेकवर बसायला बोटीतच थोडे जादा पैसे घेतात. पोरं वर, आजी-आजोबा खाली मधोमध. मधल्या भागात हेलकावे कमी जाणवतात, बोट लागणाऱ्यांची जागा तीच.

तिथे धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत लांब वाट आहे, त्यावर पोरांची लाडकी छोटी गाडी चालते. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं. बाबांना डोलीची खुर्ची मिळेल. नको म्हणतील, तरी भाव खाली ठरवून ठेवा. माकडं बाटली आणि वेफर्स हिसकावतात, पिशवीबाहेर काही ठेवू नका. मुख्य लेण्यात त्रिमूर्तीसमोर थोडा वेळ नुसतं उभं राहा. वीस फुटांच्या आसपास उंचीचं ते शिल्प डोळे अंधाराला सरावले की मगच नीट दिसतं. बहुतेक लोक त्याच्याआधीच पाठ करून फोटो काढून निघालेले असतात.

बेटावर मुक्काम करता येत नाही, शेवटच्या बोटीपर्यंत थांबू नका.

अवांतर: ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ केलं तो घारापुरीवर नाहीच. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सोमवारी पोरांना तो दाखवा.

थळकर

शुक्रवार चतुर्थी. तीनच्या सुमारास भरती. तीन-चारला गेटवेला परतलात तर पाणी वर असेल, बोट पायऱ्यांच्या बरोबरीला येईल आणि आजोबांना फार चढावं लागणार नाही. ओहोटीला तिथल्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. जाताना पाणी अजून खाली असेल, तेवढं जपून.

धास्तावलेली

सगळं छान, पण बोट म्हटलं की मला डिसेंबर २०२४ आठवतो. एलिफंट्याला जाणाऱ्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती. त्या बातम्यांनंतर आमच्या घरात कोणी बोटीचं नावही काढत नाही. मंजू, लहान मुलं आहेत, नीट विचार करा.

रोरोप्रेमी

विचार कराच, घाबरू नका. त्या अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. ते अंगात घालायचं, उशाला घ्यायचं नाही. मुलांच्या मापाचं मागा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या खांद्यावरून निसटतं. चढल्या चढल्या बांधा. बोटीवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. माणसं त्याहून जास्त दिसली तर उतरा आणि पुढच्या बोटीने जा, तिकीट वाया गेलं तरी.

साळुंकी

मी यात एक भर घालते. सरकारमान्य फेरीबोट आणि ‘ताई, चला, खास बोट आहे, किल्ला दाखवतो’ म्हणणारा माणूस यांत फरक करा. आम्हाला एका किनाऱ्यावर एकाने समुद्रातला किल्ला ‘दाखवतो’ म्हणून नेलं आणि बाहेरून एक प्रदक्षिणा मारून परत आणलं. उतरता येत नाही म्हणे! ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. जॅकेटं चार आणि माणसं नऊ. उतरणार कुठे, किती वेळ, परत कधी, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

खगोलखुळा

थळकर, तुमच्या गावासमोरच्या खांदेरीचं काय? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तीही आली. तेव्हापासून जायचं डोक्यात आहे.

थळकर

या की. पण मंजूताईंच्या मंडळींना नको, तो थोडा कठीण मामला आहे.

थळच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या बोटी जातात. वेळापत्रक वगैरे नाही, आधी बोलून ठरवायचं. सकाळी लवकर निघायचं. जानेवारीत पहाटे मतलई वारा असतो, पाणी शांत. दुपारी खारा वारा सुटतो आणि परतताना बोट आपटायला लागते. अलिबाग-मांडव्याकडून परतणाऱ्यांनाही हेच लागू. आईंना बोट लागत असेल तर परतीची बोट दुपारी दोनच्या आतली धरा.

खांदेरीवर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे आणि ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा खडक आहे. वेताळाला आमचे कोळी बांधव फार मानतात, तिथे चपला घालून धिंगाणा करू नका. बाजूच्या उंदेरीला उतरायला नीट जागाच नाही, ती आम्ही लांबूनच दाखवतो.

१६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. इंग्रजांची जहाजं मोठी, वारा पडला की जागच्या जागी. मायनाक भंडारीच्या होड्या छोट्या, उथळ पाण्यातून रात्री सामान घेऊन सटकायच्या. इंग्रजांना बेट काही मिळालं नाही. सिद्दीने पुढच्याच वर्षी शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटं समोरासमोर तोफा लावून बसली. बोटीत बसून मधलं अंतर बघितलं की कळतं, ओरडून शिव्याही देता आल्या असत्या.

गिरगावचा_बोका

शेवटचं वाक्य इतिहासाच्या पुस्तकात हवं होतं.

साळुंकी

किनाऱ्यांबद्दल कोणी बोललंच नाही. अलिबागचा किनारा किल्ल्यासाठी. वाळू काळपट, गर्दी भरपूर. आंघोळीला आणि पोरांना खेळायला नागाव किंवा वरसोली. शांतता हवी तर किहीम, सुरूच्या बनामागे. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचं निरीक्षण इथलंच केलेलं. मांडव्याहून येताना वाटेत सासवणे लागतं, तिथे शिल्पकार करमरकरांचं घर-संग्रहालय आहे. अंगणातलं म्हशीचं शिल्प पाहून पोरं हात लावायला धावतील. आजी-आजोबांना सावलीत बसायला जागा आहे. जरूर थांबा.

आणि कृपया बोटीमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांना फरसाण टाकू नका. हिवाळ्यात ते हजारो मैल उडून येतात, ते शेव-गाठी खायला नव्हे.

मीरा_नेरूळ

वेळेचं सांगते. शनिवारी गेटवेहून अगदी सकाळच्या बोटींपैकी एक पकडा. दादरहून पहाटे टॅक्सीने अर्ध्या तासात गेटवे. सातच्या आसपास निघालात तर आठला मांडवा, बसने पाऊण तासात अलिबाग. चहा-पोहे करून साडेनऊला वाळूवर. बाबांना घोडागाडी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि उत्तरेला चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा. तास-सव्वा तास पुरे.

त्या रात्री नागाव-वरसोलीला घरगुती मुक्काम. रविवारी सासवणे-किहीम करत मांडव्याला या आणि दुपारची रो-रो धरा. रविवारी संध्याकाळी मांडव्याला जी झुंबड असते त्यात आजी-आजोबांना घालू नका.

वऱ्हाडी_मंजू

नवा बेत असा, शेवटचं तपासा:

शुक्रवार (चतुर्थी) – अकराची बोट, एलिफंटा, साडेतीनपर्यंत गेटवे.
शनिवार (पंचमी) – पहाटे निघून मांडवा-अलिबाग, दहाला कुलाबा किल्ला, मुक्काम नागाव.
रविवार – सासवणे, किहीम, दीडच्या सुमाराची रो-रो.
सोमवार – आईंना सुट्टी. बाबा आणि पोरं दगडी हत्ती. रात्री गाडी.

आईंसाठी डॉक्टरांकडून गोळी लिहून घेतली आहे, बोटीत चढायच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितलंय. एक शंका राहिली: आम्ही शाकाहारी. अलिबागला उपाशी राहायची वेळ येईल का?

साळुंकी

अजिबात नाही. घरगुती मुक्कामवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी मिळेल. अलिबागचा पांढरा कांदा मात्र जानेवारीत जेमतेम बाजारात यायला लागतो, माळ दिसली तर घेऊन टाका.

थळकर

बेत चांगला. दोनच गोष्टी. गुरुवारी रात्री मुंबई बंदराचा भरतीचा तक्ता बघा आणि माझ्या हिशोबात अर्धा तास फरक असेल तर तक्त्याचं ऐका. आणि आजोबांना सांगा, किल्ल्यात जाताना पायात पट्ट्याच्या सँडल घाला, हवाई चप्पल नको. ओल्या वाळूत ती रुतून राहते आणि मधल्या खडकांवर कालवांची धार असते.

सावंत_अंधेरी

थळकर, पुढच्या महिन्यात आमचे चारजण खांदेरीला यायचं म्हणतात. शनिवार-रविवारी कधी बरं पडेल?

थळकर

सावंत, कॅलेंडर काढा आणि त्या महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या तिथी सांगा.